तिसऱ्या शिट्टीपर्यंत

लोक मला विचारतात, मॅडम, एवढे किस्से तुम्हाला आठवतात कसे? अहो, आठवायला कशाला पाहिजे! आमच्या जालन्याच्या महिला बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट वर्षातून एकदाच होतो. पण त्या एका दिवशी चार टीमचे मालक, त्यांचे कोच, बाकावर बसलेल्या पोरी आणि त्यांच्या आया, आज्या, मामा असे सगळे एका कॅन्टीनमध्ये कोंबले जातात. तिथं किस्से घडत न्हाईत, सांडतात. मी नुसते गोळा करून ठेवते.

मी शाळेत पीटीची बाई. लीग सुरू झाली त्या दिवसापासून ड्राफ्टचा माईक माझ्याच हातात आहे. नियम मी करते, भांडणं मी मिटवते, आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर तेही मलाच म्हणतात. तोंडानं मी फटकळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जरा कमी म्हणतात.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. लिलाव न्हाई, बोली न्हाई. पोरी बाकावर बसतात आणि टीमनं पाळीपाळीनं एकेकीचं नाव घ्यायचं. जिचं नाव आलं तिला टीमची जर्सी आणि त्या टीमच्या कंपनीत पक्की नोकरी. जिचं न्हाई आलं ती वरण-भात खाऊन घरी. आता सांगा, किस्से होतील का न्हाई?

*

पहिल्या वर्षी मालकांना ड्राफ्ट समजावून सांगायला मला अख्खी दुपार लागली. कारण नियम असा की, जी टीम शेवटच्या नंबरावर आली तिला पहिली पाळी. म्हणजे पुढच्या वर्षी ती जरा सुधारावी.

हे ऐकून नंदूशेठ उठून उभेच राह्यले. नंदूशेठ म्हणजे एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लँटचे मालक आणि आमच्या 'बियाणे बुल्स' टीमचे सर्वेसर्वा. ड्राफ्ट त्यांच्याच कॅन्टीनमध्ये भरतो. ते म्हणाले, "मॅडम, जो नापास झाला त्याला पहिला बेंच? मंग पास कोण होईल?"

मी हसले. पण माणूस बरोबर बोलला होता. त्या सीझनच्या शेवटी खालच्या दोन टीमची मॅच झाली आणि दोघींनाही हरायचं होतं! बॉल घेऊन पोरी नुसत्या उभ्या. वेळ संपायची, बॉल समोरच्यांना जायचा, त्याही उभ्या. पंच बिचारा शिट्ट्या फुंकून फुंकून खुर्चीत बसला.

शेवटी एका टीमच्या कोचनं आपल्या पोरीला खुणावलं, की टाक बाहेर एकदाचा. तिनं मैदानाच्या मधूनच, डोळे मिटून, भलतीकडं तोंड करून बॉल भिरकावला. तो सरळ बास्केटमध्ये गेला. टीम जिंकली. पोरगी कोर्टावर बसून रडायला लागली.

"मॅडम, आईची शपथ," ती म्हणाली, "मी चुकवलाच होता!"

तेव्हापासून बुल्सना मात्र कधी असली अडचण आली न्हाई. ते दरवर्षी पहिलेच येतात, आणि दरवर्षी पहिल्या पाळीसाठी भांडतात.

*

आता कुकरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या कुकरवर आहे.

पाळी आली की नाव किती वेळात सांगायचं, याला घड्याळ पाहिजे. पहिल्याच वर्षी भारीतलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ भाड्यानं आणलं. ते लावलं आणि लाईट गेली. मोबाईलवर वेळ लावली तर ज्याची पाळी त्याचा मोबाईल हळू चालतो, असा आरोप झाला. प्रत्येक जण आपापलं मनगट दाखवायला लागला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकर वाजला. कॅन्टीन चालवते खैरून खाला. तिनं डाळ लावली होती. मी माईकवर म्हटलं, बास. खालाच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. तिसरी व्हायच्या आत नाव सांगायचं, न्हाई तर पाळी गेली.

हसण्याहसण्यात केलेला नियम तो, पण पक्का बसला. दुसऱ्या वर्षी लाईट होती, घड्याळ चालू होतं, तरी लोक म्हणाले, कुकरच बरा. लाईटवर चालत न्हाई आणि कुणाच्या मनगटावर न्हाई. शिवाय चार टीमच्या दोन-दोन मिळून आठ पाळ्या होईपर्यंत डाळ, भात, बटाटे, सगळं शिजून तयार.

गेलेली पाळी कुणाला द्यायची, यावर मात्र नंदूशेठनं अडवून धरलं. त्यांचं म्हणणं, आम्ही चॅम्पियन असून सगळ्यांच्या शेवटी निवडायचं, तर निदान उरलंसुरलं तरी आम्हाला द्या. मी म्हटलं घ्या. तर असा नियम झाला की, तिसरी शिट्टी झाली की ती पाळी चॅम्पियनकडं. म्हणजे बुल्सकडंच की हो.

*

नंदूशेठची पोरी निवडायची पद्धत सांगितली पाहिजे. माणूस आयुष्यभर बियाण्यात. बी हातात घेतलं की त्याची आई कोण, बाप कोण, हे विचारल्याशिवाय पुढं जात न्हाईत. पोरींचंही तेच. खेळ बघायचे न्हाईत, आई बघायचे. आई उंच तर पोरगी उंच होणार, हा हिशोब.

एका वर्षी बाकावर एक सतरा वर्षांची पोरगी होती, अंगानं बेताचीच. पण तिच्या मागं जी बाई उभी होती ती दाराच्या चौकटीला टेकायची! नंदूशेठ खूष. कोचनं नको नको म्हटलं तरी त्यांनी पहिल्या फेरीत तीच पोरगी उचलली. सगळ्यांना सांगत सुटले की, आत्ता दिसून न्हाई राह्यली, दोन वर्षं थांबा, ताडासारखी होते का न्हाई बघा.

दोन वर्षं थांबले. पोरगी होती तिथंच. शेवटी त्यांनी तिला बोलावून विचारलं की, बाळ, तुझी आई तर एवढी उंच, मंग तुझं असं कसं?

पोरगी म्हणाली, "शेठ, आई त्या दिवशी कापूस वेचायला गेल्ती. ती शेजारची काकू होती."

*

ड्राफ्टमध्ये पोरगी निवडली की बाकीच्या जगात टीम टाळ्या वाजवते. आमच्याकडं पाहुणे टीम बघायला येतात.

पिंपळगाव रेणुकाईची एक पोरगी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या टीमनं घेतली. तिचे आजोबा पटका बांधून उठले आणि मला म्हणाले की, तुम्ही आमची पोरगी बघितली, पसंत केली, ठीक. आता आम्ही तुमची टीम बघणार. रीत आहे.

मी म्हटलं, या. मला काय माहीत, ते खरंच टेम्पो भरून येतील! आजोबा, दोन चुलते, मामा, आत्या. मोंढा टीमनं पोहे केले, चहा केला. टीमच्या पोरी ओळीत बसल्या. आत्यानं कॅप्टनला नाव-गाव विचारलं. मामानं कोचला बाजूला घेऊन काही व्यसन वगैरे विचारलं. आजोबांनी मागच्या सीझनचा निकाल विचारला आणि तो ऐकून पोह्यांची बशी खाली ठेवली. जाताना म्हणाले, घरी विचार करून कळवतो.

दोन दिवसांनी मला फोन. आजोबाच होते. म्हणाले, "मॅडम, माणसं चांगली हायेत, नाव ठेवायला जागा न्हाई. पण पोरीला टीम पसंत न्हाई."

मोंढ्याचा कोच अजून त्या पोह्यांचं दुःख सांगतो.

*

नियम वाढत जातात ते असल्या लोकांमुळं. एकदा नंदूशेठनं आपल्या मॅनेजरची भाची गुपचूप टीममध्ये घेतली. पोरीला बॉल दिला की ती तो मैत्रिणीला ठेवायला द्यायची. दुसऱ्या टीमनं बोंब मारली. मंग मी नियम केला की, ज्या कंपनीत घरचं माणूस कामाला आहे, त्या कंपनीच्या टीमला ती पोरगी घेता येणार न्हाई.

नंदूशेठ तावातावानं आले. आमच्याच माणसांच्या लेकरांनी आमच्याकडं का खेळू नये म्हणून मला झाडायला लागले. मी म्हटलं, "शेठ, घरचं बी पेरू नका म्हणून तुम्हीच शेतकऱ्यांना सांगता ना?"

शेठ आल्या पावली परत फिरले.

त्याच वर्षी मी दुसरा एक नियम केला. बाकावर दरवर्षी त्याच त्याच पोरी, त्यांच्याबरोबर तेच ते मामा. गर्दी एवढी की डाळ पुरेना. म्हणून ठरवलं, कुणीही तीनदाच बाकावर बसायचं. तिसऱ्यांदाही नाव आलं न्हाई तर चौथी वेळ न्हाई. तेव्हा सगळ्यांना बराबर वाटला तो नियम. मलाही.

*

सळई स्टार्स ही लोखंडी सळईच्या मिलची टीम, तिचे कोच गौतम सर. शाळेत गणित शिकवतात, माणूस सोन्यासारखा. भेटले की लांबूनच "जय भीम मॅडम" म्हणणार आणि आपली सायकल लावून माझी पिशवी धरणार. खेळाची जाण तर अशी की, पोरगी कोर्टावर दोन पावलं चालली की तिचा गुडघा दुखतो का टाच, ते सांगतील.

फक्त एक आहे. त्यांना ठरवता येत न्हाई.

हॉटेलात गेलो की आमची जेवणं होईपर्यंत सर मेनू वाचतात. ड्राफ्टमध्ये बाकीचे लोक पहिल्या शिट्टीच्या आत नाव सांगून मोकळे होतात, सर तिसरीपर्यंत चष्मा पुसत बसतात. कितीदा तरी त्यांची पाळी अशीच बुल्सना गेली. म्हणून स्टार्स दरवर्षी शेवटी. आणि शेवटी म्हणून ड्राफ्टमध्ये पहिली पाळी त्यांची. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो, म्हणून दिवसातली अगदी शेवटची पाळीही त्यांचीच. ज्याला ठरवता येत न्हाई त्यालाच आम्ही दोनदा कोंडीत धरतो.

एकदा मी त्यांच्या मिसेसना विचारलं की, वहिनी, सरांनी तुम्हाला तरी कसं पसंत केलं?

त्या म्हणाल्या, "बघायला आल्ते, चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला. शेवटी माझ्या वडलांनीच तारीख काढली. मॅडम, ह्यांनी अजून हो म्हटलेलं न्हाई!"

*

खालाच्या कुकरला लाच देण्याचा प्रयत्न एकदाच झाला. नंदूशेठनीच केला, आणखी कोण करणार!

त्या वर्षी गौतम सरांची पाळी चालू होती आणि दोन शिट्ट्या झाल्या होत्या. नंदूशेठना वाटलं, गॅस जरा मोठा केला तर पाळी आपलीच. लघवीला जातो म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. कॅन्टीन त्यांचं, जागा त्यांची, खाला त्यांची. हळूच म्हणाले की खाला, आँच जरा तेज करा ना.

खाला चपाती लाटून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, "शेठ, ये कुकर की सीटी है. तुमारे प्लँट का भोंगा नै."

शेठ परत येऊन बसले. दोन्ही कान लाल. सरांनी तेवढ्यात नाव सांगून टाकलं.

*

खालाची लेक नसरीन. माझ्याच हाताखाली शिकली. उंची म्हणाल तर माझ्या खांद्याला लागते. पण पोरगी बॉल घेऊन निघाली की बाकीच्या नुसत्या वळून वळून बघतात, गेली कुठं म्हणून. प्लँटच्या मागं बी वाळवायची मोठी फरशी आहे, तिथं रोज संध्याकाळी एकटी प्रॅक्टिस करायची. तिथली रिंग गौतम सरांनी टीमच्या मिलमधून सळई वाकवून आणून दिली होती. नंदूशेठ वरून ऑफिसच्या खिडकीतून बघायचे. त्यांची फरशी, त्यांचं बी, पण कधी हटकलं न्हाई.

बुल्सना तिला घेता येत न्हाई, कारण खाला त्यांच्याच कॅन्टीनमध्ये. नियम माझा. राह्यल्या तीन टीमा, आणि तिघींना पाहिजे उंची. पहिल्या वर्षी नसरीनचं नाव कुणी घेतलंच न्हाई. ती हसत उठली आणि सगळ्यांना पानं वाढायला लागली.

दुसऱ्या वर्षी शेवटची पाळी गौतम सरांची. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. सर चष्मा पुसतायत, नसरीनकडं बघतायत, परत चष्मा पुसतायत. मी माईक धरून उभी, मनात म्हणतेय, अहो सर, बोला, बोला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाला दिसत होती. गॅसच्या बटणापासून तिचा हात वीतभर लांब. नुसता मंदा केला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

सरांनी तोंड उघडलं. "न..." एवढं आलं, आणि तिसरी शिट्टी झाली.

पाळी गेली नंदूशेठकडं. त्यांनी उठून एका उंच पोरीचं नाव घेतलं आणि बसले. दुसरं करणार काय, नसरीनला घेता तर येत नव्हतं. गौतम सर मान खाली घालून बसले ते उठेचनात.

जेवताना खाला वाढायला आली, नेहमीसारखी. नंदूशेठनी ताटावर हात धरला. म्हणाले, "खाला, आज जरा मंदा करायचा होता. आम्ही काय बोललो असतो का?"

खाला म्हणाली, "तुमकू जो लडकी मिली शेठ, वो भी किसी की बेटी है." आणि त्यांचा हात बाजूला सारून भात वाढला.

घरी जाताना मी स्कूटरवर रडले. खोटं कशाला बोलू?

*

आणि हा यंदाचा.

यंदा नसरीनची तिसरी वेळ. म्हणजे शेवटची. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नियम बदलायचा का म्हणून दोघा-तिघांनी मला विचारलंही. मी खालाला विचारलं. ती म्हणाली की, मॅडम, मेरी बेटी के वास्ते रूल बदले तो मैं कॅन्टीन छोड देती. विषय संपला.

ड्राफ्टच्या सकाळी खालानं डाळ धुतली, पाणी घातलं, शेवटच्या पाळीचा कुकर भरून वेगळा ठेवला आणि हात पुसत बाहेर आली. सगळ्यांसमोर म्हणाली की, आज माझी पोरगी बसली आहे, शेवटच्या पाळीला मी गॅसजवळ थांबणार न्हाई. नंतर बोलायला नको.

झाली ना पंचाईत! मंग तिथं बसणार कोण? मी बसते म्हटलं तर मोंढेवाले म्हणाले, मॅडम तिच्या गुरू, त्या गॅस मंदा करतील. चौथ्या टीमचे भोकरदनवाले बसतो म्हणाले तर स्टार्स म्हणाले, तुम्ही मोठा कराल. असं करत करत अर्धा तास गेला.

शेवटी नंदूशेठ उठले. "मी बसतो," म्हणाले. "सरांची पाळी गेली तर ती मला मिळणार. शिट्टी वाजण्यात माझा फायदा आहे. मी कशाला थांबवू?"

भोकरदनचा कोच पुटपुटला की, मांजराला दुधाची राखण दिली. पण बोलण्यात काही चूक काढता येईना. गॅस मंदा होईल, ही भीती तरी त्यांच्याकडून नव्हती. मोठा करतील, तर करतील. खालानं स्वतःच मान हलवली. म्हणाली, शेठकू बैठने दो.

सात पाळ्या झाल्या. नसरीन बाकावर तशीच. तिच्या शेजारी उरली होती जांब समर्थची एक पोरगी, सहा फुटाला टेकलेली. तिच्यावर नंदूशेठ वर्षभर डोळा ठेवून होते. तिच्या आईला तर ते दोनदा जाऊन बघून आले होते, आणि या वेळी आई खरी आहे, याची खात्री करून आले होते. दुसऱ्या फेरीत त्यांची पाळी सगळ्यात आधी आली, तेव्हा ती पोरगी बाकावर नव्हतीच. एस.टी. चुकली म्हणून सातवी पाळी झाल्यावर धापा टाकत आली. त्यामुळं शेठ नुसते हात चोळत बसले होते. आता शेवटची पाळी हुकली की ती त्यांची.

गौतम सरांची पाळी मी पुकारली. नंदूशेठ धोतर सावरत स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीसमोर पाठ करून बसले. त्या पाठीमागं गॅस दिसत नव्हता, कुकरचं झाकण तेवढं दिसत होतं. खाला बाहेर मोरीवर, तांब्याचं पातेलं घासत. तिची पाठही आमच्याकडं.

सरांचा फोन वाजला. त्यांच्या मिलचे मालक. उंच पोरगी घ्या म्हणून सांगत असणार, कारण सर नुसते "जी, जी" म्हणत होते. पहिली शिट्टी झाली. सरांनी फोन ठेवला आणि चष्मा काढला.

नसरीन मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. जांबच्या पोरीनं तिचा हात धरला, का ते तिलाच माहीत. दोघींची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

दुसरी शिट्टी झाली. सर चष्मा पुसत होते. मी मनात सगळे देव म्हटले, तिचे म्हटले, सरांचे म्हटले, माझे म्हटले. आता वाजेल, आता वाजेल.

शिट्टी होईना.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. भोकरदनचा कोच उठून उभा राह्यला आणि परत बसला. सरांनी चष्मा पुसून डोळ्याला लावला, परत काढला, परत पुसला. एवढा वेळ त्यांना आयुष्यात कुणी दिला नसेल. मी माईक धरून उभी. शिट्टी होईपर्यंत मला काही बोलायचा हक्कच न्हाई, नियम माझाच.

शेवटी सरांनी चष्मा लावला, खुर्ची मागं सारली आणि वर्गात हजेरी घेतात तसं स्वच्छ आवाजात म्हणाले, "नसरीन शेख. सळई स्टार्स."

मंग जो गोंधळ झाला तो काय सांगू! नसरीननं आधी जांबच्या पोरीला मिठी मारली, मंग मला. मोंढेवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते. गौतम सरांच्या मिसेस मागून ओरडल्या, "अहो, बोललात की!" मी जांबच्या पोरीला सांगितलं की, बाळ, तुझी पहिलीच वेळ आहे, पुढच्या वर्षी तुला पळवायला मारामारी होईल. ती म्हणाली, माहीत आहे मॅडम. असा कॉन्फिडन्स पाहिजे.

तेवढ्यात नंदूशेठ कपाळाचा घाम पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले. कुणाकडंच न बघता म्हणाले, "मॅडम, सिलिंडर संपलं."

सगळे पानावर बसले. डाळ जराशी कच्चीच होती, तीही सगळ्यांनी संपवली.

जेवणं झाली आणि खाला आत गेली. एवढ्या माणसांचा चहा, मोठं पातेलं ठेवलं. शेगडी तीच, सिलिंडर तेच. बटण फिरवलं, काडी लावली. चहा सगळ्यांना झाला, काहींना दोनदा झाला.

पहिला कप तिनं स्वतः नंदूशेठना नेऊन दिला आणि पुढ्यात उभी राह्यली. शेठनी एक घोट घेतला.

"साखर कमी पडली," ते म्हणाले.